पायरी सोडलेला कारभारी

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला शेक्सपिअरचे 'ट्वेल्फ्थ नाइट' हे नाटक अभ्यासाला होते, आणि आमचे सर प्रत्येक प्रवेशातली पात्रे विद्यार्थ्यांना वाटून देऊन तो प्रवेश वर्गात मोठ्याने वाचून घेत असत. दुसऱ्या अंकातला पाचवा प्रवेश आला, तेव्हा मॅल्व्होलिओचे काम एका अशा मुलाच्या वाट्याला आले, जो तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून पुण्यात आला होता आणि वर्षभर मागच्या बाकावर बसून वर्गात एक शब्दही बोलला नव्हता. त्याने मनापासून तयारी केली होती. अवघड शब्दांच्या वर त्याने पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून आणले होते, ते मला बाजूने जाताना दिसले होते. तो वाचायला उभा राहिला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच वर्ग हसू लागला. प्रवेश विनोदी होता, त्यामुळे आमचे हसणे कोणाला खटकण्यासारखे नव्हते. पण आम्ही मॅल्व्होलिओला हसत नव्हतो, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मीही हसले. त्याने न थांबता शेवटपर्यंत वाचले, आणि तो खाली बसला.

त्याच प्रवेशाच्या सुरुवातीला एक वाक्य येते, ज्याकडे मी त्या वर्षी लक्षच दिले नव्हते. मरिया ही घरातली मानाची दासी बागेत येऊन आपल्या साथीदारांना सांगते, की मॅल्व्होलिओ गेला अर्धा तास तिकडे उन्हात उभा राहून स्वतःच्याच सावलीपुढे वागण्याबोलण्याचा सराव करतो आहे. हे ऐकून सारे झुडपाआड लपतात आणि गंमत सुरू होते. पुढे कितीतरी वर्षांनी ते वाक्य पुन्हा वाचले तेव्हा मला त्या मुलाची पेन्सिलीची अक्षरे आठवली, आणि तेव्हापासून हे नाटक मला पहिल्यासारखे वाचता आलेले नाही.

ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. इलिरिया नावाच्या देशात ऑलिव्हिया ही तरुण, श्रीमंत सरदारकन्या राहते. तिचे वडील आणि भाऊ पाठोपाठ वारले आहेत आणि ती भावाचे सुतक पाळते आहे. मॅल्व्होलिओ हा तिच्या वाड्याचा कारभारी. तिचा मामा म्हणा वा काका, सर टोबी, तिच्याच घरात फुकट राहून रात्रंदिवस पितो. सर अँड्र्यू नावाच्या एका भोळसट सरदाराला ऑलिव्हियाशी लग्न लावून देण्याचे आमिष दाखवून त्याच्या पैशावर चैन करतो. एका मध्यरात्री टोबी, अँड्र्यू आणि विदूषक फेस्टे मोठमोठ्याने गात असताना मॅल्व्होलिओ येऊन त्यांना दटावतो. त्याचा सूड म्हणून मरिया मालकिणीच्या हस्ताक्षरात एक प्रेमपत्र लिहिते आणि त्याच्या वाटेत टाकते. पिवळे मोजे घाल, गुडघ्यांपाशी आडव्या फिती बांध, सतत हसत राहा, नोकरांशी तुटकपणे वाग, असे त्या पत्रात सांगितलेले असते. तो विश्वास ठेवतो, तसे सारे करतो, वेडा ठरतो आणि अंधाऱ्या खोलीत कोंडला जातो.

आमच्या वर्गात आणि सगळ्या मार्गदर्शक पुस्तकांत याचा एकच अर्थ शिकवला जाई, की मॅल्व्होलिओ गर्विष्ठ आणि रसहीन असल्यामुळे त्याची खोड मोडली जाते. तो गर्विष्ठ आहे, यात शंका नाही. ऑलिव्हिया स्वतः त्याच्या तोंडावर त्याला आत्मप्रेमाचा आजार झाला असल्याचे सांगते. फेस्टेचा तो चारचौघांत पाणउतारा करतो, आणि हाताखालच्या माणसांविषयी त्याच्या तोंडून एकही मऊ शब्द निघत नाही. पण त्या मध्यरात्रीच्या प्रवेशात तो नेमके काय करतो, हे बारकाईने पाहावे. घरात सुतक आहे, मालकीण शोकात आहे आणि दिवाणखान्यात दारू पिऊन आरडाओरडा चालला आहे. तो थांबवणे हे त्याचे नेमलेले काम आहे, आणि आपण मालकिणीचा निरोप घेऊन आलो असल्याचे तो स्पष्ट सांगतो. त्यावर टोबी जे उत्तर देतो त्यात त्याच्या गर्वाचा उल्लेख पहिला येत नाही. तू कारभाऱ्याहून अधिक कोणी आहेस का, असा प्रश्न पहिला येतो, आणि मग 'जा, आपली साखळी पुसत बस,' असा हुकूम. ती साखळी म्हणजे कारभारीपणाची खूण म्हणून गळ्यात घालायची साखळी. मराठीत आपण ज्याला 'पायरी ओळखून राहा' म्हणतो, त्याहून वेगळे टोबी काहीही म्हणत नाही.

मॅल्व्होलिओची पायरी तरी कोणती होती, हे पाहिले की प्रकरण आणखी बोचरे होते. तो खालच्या स्वयंपाकघरातला गडी नव्हे. त्या काळी मोठ्या घराण्यांचे कारभारी पुष्कळदा बऱ्या कुळातले असत, आणि नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात नायिका व्हायोला त्याचा उल्लेख 'जंटलमन' असाच करते. म्हणजे वाड्याचा जमाखर्च, नोकरचाकर आणि शिस्त त्याच्या हाती आहे, धन्याच्या कुटुंबाला तो रोज अगदी जवळून पाहतो, आणि तरी त्या कुटुंबातला नाही. ऑलिव्हिया त्याला वेड लागल्याचे कळताच म्हणते, की माझ्या हुंड्यातले अर्धे धन गेले तरी चालेल, पण या माणसाला काही होता कामा नये. इतक्या मोलाचा माणूस जेवणाच्या टेबलापासून केवळ एक पाऊल दूर उभा असतो, आणि तेवढे एक पाऊल ओलांडण्याचा विचार मनात आणणे हाच त्याचा सर्वांत मोठा मूर्खपणा ठरतो.

पत्र सापडण्याआधीच तो बागेत जे दिवास्वप्न पाहतो, त्यात मला या माणसाचे सगळे आयुष्य दिसते. आपले लग्न होऊन तीन महिने झाले आहेत, अंगावर वेलबुट्टीचा मखमली झगा आहे, भोवती नोकर उभे आहेत, असे तो कल्पितो. एलिझाबेथच्या राज्यात कोणत्या पायरीच्या माणसाने कोणते कापड अंगावर घालावे याचे सरकारी हुकूम निघत असत आणि मखमल त्या हुकुमांच्या कक्षेत येत असे. हे कायदे 1604 मध्ये रद्द झाले, नाटक त्याआधीचे आहे. स्वप्नात पुढे तो म्हणतो, की मी कदाचित घड्याळाला किल्ली देईन, किंवा माझ्या... आणि तिथे तो अडखळतो, मग एखाद्या मौल्यवान रत्नाशी खेळण्याचे म्हणतो. टीकाकार आणि नट या जागेचा अर्थ असा लावतात, की सवयीने त्याचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला आणि त्याच क्षणी त्याला आठवले की सरदार झाल्यावर ती साखळी गळ्यात असणार नाही. आयुष्यभराची नोकरी स्वप्नातसुद्धा हाताला सुटत नाही. आणि एवढे वैभव मिळाल्यावर तो करतो काय? तो सर टोबीला बोलावून घेतो आणि दारू सोडण्याची समज देतो. कारभारी म्हणून जे सांगण्याचा अधिकार त्याला कोणी देत नाही, तेच त्याला धनी होऊन सांगायचे आहे. मखमलीच्या झग्याखाली त्याच्या मनात असलेले काम तेच आहे, फक्त आपले ऐकले जाईल एवढी जागा त्याला हवी आहे.

आता याच नाटकातले इतर विवाह पाहा. ऑलिव्हिया प्रेमात पडते ती सिझारिओ नावाच्या पोऱ्यावर, जो ऑलिव्हियाशी लग्न करू पाहणाऱ्या इलिरियाच्या ड्यूकचा निरोप्या म्हणून दाराशी आलेला आहे. तो खरे तर पुरुषवेषातली व्हायोला आहे, पण ऑलिव्हियाला ते माहीत नाही. ती त्याला त्याच्या कुळाविषयी विचारते, आणि माझे कूळ माझ्या सध्याच्या स्थितीहून वरचे आहे, एवढे उत्तर तिला पुरते. पुढे ती व्हायोलाच्या जुळ्या भावाशी, सिबॅस्टियनशी, भेटीनंतर काही तासांतच लग्न करते, आणि ती घाबरते तेव्हा ड्यूक तिला धीर देतो तो त्याचे रक्त उच्च असल्याचे सांगून. मरिया दासी असून सरदार टोबीची बायको होते, आणि तेही त्या खोट्या पत्राचे बक्षीस म्हणून. टोबी स्वतः पहिल्या अंकात अँड्र्यूला भरवसा देतो, की माझी भाची धनाने, वयाने किंवा बुद्धीने आपल्याहून वरचढ असलेल्या कोणाशीही लग्न करणार नाही. ज्या घरात मालकिणीचा मामा असे बोलतो आणि मालकीण निरोप्याला अंगठी पाठवते, त्या घरातल्या कारभाऱ्याला आशा वाटली तर ती अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही. फरक इतकाच, की दासीने वर चढण्याने वाडा कोणाच्या हातून जात नव्हता. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याने पत्नीच्या मालमत्तेचा ताबा नवऱ्याकडे जाई. बाप आणि भाऊ नसलेल्या ऑलिव्हियाशी जो लग्न करील तो त्या वाड्याचा, कोठाराचा आणि टोबीच्या दारूचाही धनी होणार होता. झुडपाआडच्या टोबीला मॅल्व्होलिओचे स्वप्न ऐकून इतका संताप का येतो, याचे कारण मला इथे सापडते.

या नाटकाचा प्रयोग पाहिल्याची सर्वांत जुनी नोंद 2 फेब्रुवारी 1602 ची आहे. लंडनमध्ये वकिलीचे शिक्षण देणाऱ्या मिडल टेंपल या संस्थेच्या दालनात तो झाला, आणि तिथला विद्यार्थी जॉन मॅनिंगहॅम याने तो रोजनिशीत टिपला. त्याला ऑलिव्हिया विधवा असल्याचे वाटले, बाकीचे कथानक त्याने ओझरते नोंदवले, पण कारभाऱ्याला मालकिणीचे खोटे पत्र पाठवून फसवण्याची युक्ती मात्र त्याने आवडीने आणि तपशिलाने लिहून ठेवली. प्रेक्षक बहुतेक सुस्थित घरांतले तरुण होते, ज्यांच्या घरी कारभारी आणि नोकर असणार. त्या हसण्याचा आवाज मला आमच्या वर्गातल्या हसण्यापेक्षा फारसा निराळा वाटत नाही.

आणि त्याच 1602 साली, त्याच शहरात, स्वतः लेखकाच्या पायरीचा प्रश्न निघाला होता. शेक्सपिअरचे वडील स्ट्रॅटफर्डचे, हातमोजे बनवणारे. 1596 मध्ये त्यांना कुलचिन्ह मिळाले, म्हणजे ते आणि त्यांचा मुलगा कागदोपत्री 'जंटलमन' झाले. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरने गावातले एक मोठे घर विकत घेतले. राल्फ ब्रूक नावाच्या कुलचिन्ह-अधिकाऱ्याने 1602 मध्ये तक्रार केली, की हलक्या माणसांना कुलचिन्हे वाटली जात आहेत, आणि त्या संदर्भातल्या कागदावर शेक्सपिअरच्या कुलचिन्हाच्या रेखाटनाखाली 'शेक्सपिअर, नट' असे लिहिलेले आहे. ज्याने वरच्या पायरीसाठी अर्ज केला, पैसे भरले आणि ती मिळवली, त्यानेच मॅल्व्होलिओ लिहिला. त्याने हे पात्र नुसते टिंगलीसाठी लिहिले असेल, हे मानायला माझे मन तयार होत नाही. उन्हात सावलीपुढे सराव करणारा माणूस कसा दिसतो, हे बाहेरून बघणाऱ्याला सुचण्यासारखे नाही.

मॅल्व्होलिओची बाजू पहिल्यांदा मोठ्या प्रेमाने मांडली ती इंग्रज निबंधकार चार्ल्स लँबने. जुन्या नटांवरच्या त्याच्या लेखात, जो 1823 मध्ये पुस्तकरूपाने आला, रॉबर्ट बेन्स्ली या नटाने उभा केलेला मॅल्व्होलिओ आठवून तो लिहितो, की हा माणूस मुळात हास्यास्पद नाही; तो थंड आणि कडक आहे, पण प्रतिष्ठित आहे, आणि बेन्स्ली ते काम करीत असे तेव्हा शेवटी मनाला शोकांतिकेसारखे काही तरी जाणवत असे. हा लेख मी फार उशिरा वाचला, आणि लँबच्या चरित्रातली एक गोष्ट त्याच्या शेजारी ठेवल्यावर मला तो दुप्पट प्रिय झाला. लँबचा जन्म 1775 मध्ये इनर टेंपलमध्ये झाला. मिडल टेंपलला लागूनच असलेली ही वकिलांचीच संस्था, आणि लँबचे वडील तिथल्या एका बड्या वकिलाचे कारकून आणि सेवक होते. लँबने स्वतः ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत 33 वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. ज्या आवारात तरुण वकील कारभाऱ्याला हसले होते, त्याच्या भिंतीपलीकडे, पावणेदोनशे वर्षांनी, एका सेवकाच्या घरी तो वाचक जन्मला ज्याला त्या कारभाऱ्याची प्रतिष्ठा दिसली. टीकाकाराचे मत त्याच्या घरातून येते असे मी सरसकट म्हणणार नाही, पण मालकाच्या खोलीत अदबीने उभा असलेला बाप ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्याला साखळीकडे जाणारा तो हात अधिक स्पष्ट दिसला असेल, एवढे मला नक्की वाटते.

सहानुभूतीसुद्धा आपण पायरी पाहून वाटतो, हे मला सर अँड्र्यूमुळे कळले. अँड्र्यू हा मॅल्व्होलिओपेक्षा कितीतरी मूर्ख आहे. त्याचे उत्पन्न वर्षाला 3,000 डकट आहे, आणि त्यातले सुमारे 2,000 आपण खाल्ल्याचे टोबी उघड सांगतो. तोही ऑलिव्हियाशी लग्नाची आशा धरून बसला आहे, आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. पण या आशेसाठी त्याला कोणी कोंडत नाही. एका प्रवेशात टोबी मरियाच्या प्रेमाविषयी बोलत असताना अँड्र्यू मध्येच म्हणतो, की माझ्यावरही एकदा कोणी जीव लावला होता. मी हे नाटक ज्यांच्या ज्यांच्याबरोबर वाचले, त्या प्रत्येकाचा आवाज या वाक्यापाशी हळवा झाला. एका वाक्यात आपण त्या बावळट सरदाराला सगळे माफ करतो. मॅल्व्होलिओ मात्र आपल्याकडून प्रमाणपत्र मागितल्याखेरीज कणव मिळवू शकत नाही. तो नम्र असता, गरिबांशी प्रेमाने वागला असता, त्याची महत्त्वाकांक्षा जरा कमी असती, तर आपल्याला वाईट वाटले असते, असे आपण म्हणतो. जन्माने वर असलेल्या मूर्खाला निरागस म्हणायचे आणि वर चढू पाहणाऱ्या मूर्खाला लायकी विचारायची, ही आपली जुनी रीत आहे, आणि ती मी माझ्या स्वतःच्या वाचनात पकडली आहे.

अंधाऱ्या खोलीचा प्रवेश मला आता सलग वाचवत नाही. त्या काळी वेड्यांना अंधारात कोंडून ठेवणे हा उपचारच समजला जाई, त्यामुळे टोबीला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. फेस्टे धर्मोपदेशकाचे सोंग घेऊन येतो आणि खोली लख्ख उजेडाची असल्याचे कैद्याला सांगतो. मॅल्व्होलिओ म्हणतो, की खोली अंधारी आहे आणि मी शहाणा आहे, हवी ती परीक्षा घ्या. मग फेस्टे त्याला आत्म्याच्या पुनर्जन्माविषयी पायथागोरसचे मत विचारतो. मॅल्व्होलिओ ते अचूक सांगतो, आणि आत्म्याविषयी माझी धारणा उदात्त असल्यामुळे मला ते मान्य नाही, असे उत्तर देतो. कोंडलेला, दिवसभर थट्टेचा विषय झालेला माणूस इतके नीटस उत्तर देतो, तरी त्याला अंधारातच ठेवले जाते. त्याची मागणी फक्त मेणबत्ती, लेखणी, शाई आणि कागद एवढीच आहे. आपण शुद्धीत आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याला अर्ज लिहायचा आहे; ज्याचे आयुष्य कागदपत्रांत गेले, तो दुसरे काय मागणार? टोबीला या सगळ्यातून बाहेर पडावेसे वाटते ते दयेने नव्हे, तर भाची आधीच आपल्यावर रागावली आहे आणि घर सुटेल, या भीतीने.

शेवटच्या प्रवेशात ऑलिव्हिया त्याला वचन देते, की हे कोणी आणि का केले ते कळले की या खटल्यात फिर्यादी तूच आणि न्यायाधीशही तूच. वकिलांनी भरलेल्या त्या दालनात हे वाक्य किती मोठे वाटले असेल. पण कटात सामील असलेला वाड्यातला सेवक फेबियन पुढे होऊन तो कबूल करतो, दोन्हीकडचे अपराध तोलले तर सूडापेक्षा हसूच यावे असे सुचवतो, टोबीने मरियाशी लग्न केल्याचे सांगतो, आणि खटला उभाच राहत नाही. ऑलिव्हियाच्या आवाजात खरी कणव आहे, पण ती ज्या शब्दाने त्याला हाक मारते त्याचा अर्थ 'बिचारा खुळा' असा होतो. मॅल्व्होलिओ तुम्हा सगळ्यांचा सूड घेईन असे म्हणून निघून जातो. लहानपणी मला ही धमकी पोकळ वाटली होती.

ती पोकळ नाही. व्हायोलाला किनाऱ्यावर आणणारा जहाजाचा कप्तान मॅल्व्होलिओच्या फिर्यादीवरून तुरुंगात आहे, आणि व्हायोलाचे बायकी कपडे त्या कप्तानापाशी ठेवलेले आहेत. मॅल्व्होलिओ बाहेर पडताच ड्यूकला हे आठवते. त्याच्यामागे जा, त्याची समजूत काढा, कप्तानाविषयी त्याने अजून काही सांगितलेले नाही, असा हुकूम तो सोडतो, पण कोण गेले हे नाटकात लिहिलेले नाही. तोपर्यंत व्हायोला स्त्रीवेषात येऊ शकत नाही, तिचे ड्यूकशी लग्न लागू शकत नाही, आणि ड्यूक तिला रंगमंचावरून नेताना अजूनही सिझारिओ याच नावाने हाक मारतो. मॅल्व्होलिओ तेव्हा कुठेतरी रस्त्याने चालत असतो.